आत्यांची वेणू

माझी आणि आत्यांची ओळख झाली त्या दिवशी त्यांच्या फ्रीजमध्ये, ताकाच्या पातेल्याशेजारी, इंग्लंडचा एक सरदार गार होत पडला होता.

सरदार म्हणजे पुस्तक. जाडजूड, पाठीत मोडलेलं, आणि वर एक उंच माणूस पांढऱ्या सदऱ्याची बटणं उघडी टाकून उभा. मी घाबरून बघतेय हे आत्यांच्या लक्षात आलं.

"त्याच्याकडे लक्ष नका देऊ," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांची शिक्षा आहे. बायकोला न सांगता लंडनला निघून गेला. परवा काढीन बाहेर."

आणि सरदाराला कोपराने जरा बाजूला सारून त्यांनी मला पेलाभर ताक ओतून दिलं.

मला अमेरिकेत, रेडमंडला येऊन तेव्हा नऊच दिवस झाले होते. मुलगा महेश आणि सूनबाई सकाळी बसने कंपनीत जायची, नात रिया शाळेत. मी कचऱ्याची पिशवी टाकायला खाली उतरले आणि मागे दार आपोआप बंद झालं. किल्ली आत, फोन आत, चष्मा आत. बाहेर इथला तो पाऊस, पडतोय की नुसता लोंबतोय ते कळू न देणारा. मी जिन्यात बसले. कुणी येऊन इंग्रजीत विचारलंच, तर काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. आठवीत शाळा सुटलेली मी. 'माय डोअर'च्या पुढे गाडी जाईना. तेवढ्यात तळमजल्याचं दार उघडलं आणि आवाज आला, "काहून बसल्या इथे? गारठून राहिल्या ना बाप्पा!"

त्या परक्या मुलखात, त्या ओल्या जिन्यात, मराठी! माझे डोळेच भरून आले. आत्यांना वाटलं मी पडले. त्यांनी माझे दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि मग घरात नेलं.

आत्या तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. उंच, सडसडीत. अंगात पॅन्ट, वर भावाचा जुना स्वेटर, कपाळावर मुगाएवढी टिकली आणि पायात लाल रबरी बूट. बूट घरातसुद्धा. मूळच्या नागपूरच्या. चाळीस वर्षांपूर्वी मोठ्या भावाने इकडे बोलावून घेतलं. भावाची दोन मुलं त्यांना आत्या म्हणायची, ते ऐकून शेजारी म्हणायला लागले, आणि आता सगळी इमारतच म्हणते. वरचे तेलुगू म्हणतात, समोरचे चिनी आजोबा 'आच्या' म्हणतात, पत्रं टाकणारा 'मिस आट्या' म्हणतो.

नोकरी त्यांनी केली ती इथल्या सरकारी नोंदणी कचेरीत. घरं-जमिनींची खरेदीखतं तपासायची. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी ती कचेरी त्यांच्या अंगातून गेलेली नाही. कुणी काही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कागदावर काय आहे?" एकदा इमारतीचा मॅनेजर आला आणि गॅलरीतल्या कुंड्या काढा म्हणाला. आत्यांनी भाडेकरार आणला, बोट ठेवलं आणि त्याला वाचायला लावलं. 'बाग करू नये' असं लिहिलं होतं. "ही बाग आहे का? एक कढीपत्ता आणि दोन मिरच्या. याला आमच्याकडे फोडणी म्हणतात," असं त्यांनी त्याला इंग्रजीत सांगितलं म्हणे. बिचारा सॉरी म्हणून गेला. मी अशा माणसासमोर स्वतःच कुंडीत जाऊन बसले असते.

त्या पहिल्या दिवशी ताक संपल्यावर आत्यांनी विचारलं, "वाचता का काही?"

"मराठी वाचते. इंग्रजी पाट्या वाचते, त्याही अर्ध्या."

"मग ऐका. उद्यापासून अकरा वाजता या. मी इंग्रजी वाचते आणि मराठीत सांगते. एकटीने वाचून मजा नाही राहिली. कुणाशी भांडताच येत नाही."

असा आमचा वर्ग सुरू झाला. पुस्तक होतं जुन्या काळच्या इंग्लंडातलं, सरदार-दरकदारांच्या प्रेमाचं. आत्यांनी असली शेकड्यांनी वाचली आहेत. पण हे एक त्यांचं खास, तीनदा वाचून झालेलं. पहिल्याच दिवशी माझी अडचण झाली ती नावांची. सरदाराचं नाव ॲम्ब्रोज, नायिकेचं रोझामंड, सरदाराच्या धाकट्या बहिणीचं विनिफ्रेड. मला काही केल्या धरता येईनात. मी ओशाळून म्हटलं, "आत्या, माझी जीभच वळत नाही."

"तर मग त्यांनी वळावं," आत्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे चार घोड्यांची गाडी आहे, तुझ्याकडे काय आहे?"

तिथल्या तिथे सरदाराचे अंबादासराव झाले, रोझामंडची रखमा झाली आणि विनिफ्रेडची वेणू. मीही त्या दिवशी 'तुम्ही'ची 'तू' झाले. वाड्यावरचा बटलर दिवाणजी झाला. रखमा लग्नानंतर वेणूला 'वन्सं' म्हणायला लागली आणि अंबादासराव जेवायला बसले की 'वाढू का अजून' असं विचारायला लागली. बॉल म्हणजे काय, असं मी विचारलं तर आत्या म्हणाल्या, "हळदीकुंकू समज. पण पुरुष येतात, नाचतात, आणि वाण देत नाहीत."

एक गोष्ट मात्र मला कळायला वेळ लागला. गोष्ट रंगात येई, अंबादासराव रखमाचा हात हातात घेत, दिवाणजी दिवा मालवून जात, आणि आत्या एकदम दोन पानं उलटून म्हणत, "इथे दोन पानं पाऊस आहे." पुढच्या प्रकरणात परत तेच. "इथे चार पानं. मोठा पाऊस." मी आपली म्हणायची, "इंग्लंडात पाऊस फार दिसतो." "रेडमंडच्या वर," आत्या म्हणायच्या, पण मान वर करत नसत, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या असत. पाचव्या पावसाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी फक्त म्हटलं, "पिकाला बरा." आत्यांच्या हातून चष्मा पडला.

पण आत्यांचा जीव होता तो ना अंबादासरावात ना रखमात. वेणूत. वेणू नऊ वर्षांची. सबंध पुस्तकात मिळून दहा-बारा पानांची मालकीण. टेबलाखाली लपायचं, साखरेत घोळवलेली फळं चोरायची, भावाच्या चिठ्ठ्या रखमाला पोचवायच्या. त्या दोघांचं भांडण मिटेना तेव्हा तापही तिलाच यायचा, म्हणजे दोघं तिच्या उशाशी येऊन बसतील. आणि सगळं गोड होऊन मेजवानी झाली की शेवटच्या पानावर तिचं नाव नाही!

"सगळी कामं हिनं केली," आत्या बोट आपटून म्हणायच्या. "चिठ्ठ्या हिनं नेल्या, ताप हिला आला. ही कुठे गेली? शेवटी जेवली तरी का? काही नोंद? याची चौकशी झाली पाहिजे."

चौकशी त्या खरंच करत होत्या. लेखिकेला त्यांनी वर्षानुवर्षं पत्रं पाठवली होती, 'वेणूचं पुढे काय झालं ते कळवावे' अशी. आणि मी तिथे असतानाच, डिसेंबरात, आत्या एके सकाळी लाल बूट वाजवत जिना चढून आमच्या दारात आल्या. त्या आजवर कधी वर आल्या नव्हत्या. मला वाटलं पाणी गळतंय.

"मंगल! पुस्तक आलं! वेणूचं! मोठी झाली ती!"

म्हणजे लेखिकेने दुसरं पुस्तक लिहिलं होतं, आणि त्याची नायिका वेणू होती.

आता माझा परतीचा दिवस मार्चातला. सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही. लायब्ररीत त्या पुस्तकाला ही रांग, आणि आमचा नंबर एकतिसावा. महेश म्हणाला, "अगं आई, एवढं काय, फोनवरून ऑर्डर करतो. परवा घरी." मी ते आत्यांना सांगितलं तर त्या बघतच राहिल्या.

"आणि आपल्या पुढे तीस बाया उभ्या आहेत त्यांनी काय करावं? वेणूसाठी त्या पण थांबून राहिल्या ना!"

त्या तीस जणींना आत्या कधी भेटल्या नव्हत्या. पण रांग म्हणजे रांग. मी मनातल्या मनात मार्चपर्यंतचे आठवडे मोजले आणि महेशला नको म्हणून सांगितलं.

फेब्रुवारीत एकदाचा लायब्ररीचा निरोप आला. आम्ही दोघी बसने गेलो. मी पहिल्यांदाच तिथे पाऊल टाकलं. गालिच्यावर माझ्या चपलांचे ओले ठसे उमटत होते, आणि कुणी रागावेल म्हणून मी टाचांवर चालत होते. आत्यांनी फडताळातून पुस्तक काढलं. वर हिरव्या झग्यातली एक बाई, आपल्याकडे पाठ करून, एकटी, खिडकीशी उभी.

आत्यांनी पुस्तक हात लांब करून धरलं. "बघ गं," त्या म्हणाल्या, "केवढी उंच झाली पोरगी."

येताना बसमध्ये त्यांनी ते पिशवीत ठेवलं नाही. मांडीवर धरून बसल्या.

मोठी वेणू एकोणतीस वर्षांची होती. लग्न नाही. भावाच्याच वाड्यात राहते, त्याची तीन पोरं सांभाळते, किल्ल्या तिच्याकडे, औषधं तिच्याकडे. समारंभात भिंतीच्या कडेला बसते आणि नाचायला गेलेल्या बायकांच्या शाली सांभाळते. कुणी तिला म्हणालं, चल गं चार दिवस समुद्रावर, की तिचं एकच उत्तर: दादाला विचारते.

आत्या पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्यांदा 'च्' केलं. तिसऱ्यांदा पुस्तकाला ओरडल्या, "विचारू नको गं! काहून विचारून राहिली?" लायब्ररीच्या पुस्तकावर खूण करता येत नाही, म्हणून त्यांनी वाटी घेतली, आणि वेणू 'दादाला विचारते' म्हणाली की वाटीत एक हरभरा टाकायचा असं सुरू केलं. चौथ्या प्रकरणापर्यंत उसळीपुरते झाले.

"एवढं काय त्यात," मी एकदा म्हटलं. "थोरला भाऊ आहे. विचारायचंच की."

"होय ना," आत्या म्हणाल्या. "विचारायचंच." आणि त्या दिवशी त्यांनी वाचन लवकर आटोपलं.

मग आला एडमंड. आत्यांनी त्याचा यदुनाथ केला. जहाजावर बारा वर्षं काढून परतलेला, तोफांच्या आवाजाने एका कानाने बहिरा. त्याच्याशी बोलायचं तर वेणूला मोठ्याने बोलावं लागे, आणि जन्मात मोठ्याने न बोललेली वेणू बागेत उभी राहून ओरडायला लागली. आत्या खूश. मीही खूश. तेवढ्यात आत्यांनी वाचलं की यदुनाथ वेणूचा कझिन आहे.

"कुठला कझिन?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे चुलत, मावस, मामे का आते?"

"कझिन म्हणतात. इंग्रजीत एकच शब्द."

"एकच कसा? मग हे लोक लग्नं कशी जुळवतात?"

आत्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी कचेरी उतरताना पाहिली. चाळीस वर्षं ही पुस्तकं वाचली आणि हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

"चुलत असला तर भाऊच झाला," मी म्हटलं. "मावस तर सख्ख्यासारखा. मामेभाऊ पण नाही चालत, परतवेल होते, आईच्या माहेरीच लेक परत जायची. आतेभाऊ असला तरच. वेणू त्याच्या मामाची मुलगी लागली पाहिजे."

"चतुःसीमा न लिहिता खरेदीखत केलं हिनं!" आत्या म्हणाल्या. "थांब. त्याची आई कोण ते बघू."

आई सापडली. पहिल्या पुस्तकातच होती, एक शिष्ट म्हातारी. वेणू तिला 'आँट' म्हणत होती. आम्ही टाळी देणार एवढ्यात आत्यांचा हात हवेतच थांबला.

"आँट पण एकच, मंगल. आत्या, मावशी, काकू, मामी. सगळ्या आँट." मग त्या जरा वेळ कढीपत्त्याकडे बघत बसल्या. "म्हणजे इतकी वर्षं माझ्या ऑफिसातल्या पोरी मला 'आँटी' म्हणून राहिल्या, तर मी त्यांची कोण हे त्यांना ठाऊकच नव्हतं!"

चौकशी पूर्ण होईपर्यंत वाचन तहकूब झालं. आत्यांनी लेखिकेला ईमेल लिहिला आणि मला मराठीत वाचून दाखवला: 'महोदया, एडमंड हा विनिफ्रेडच्या आईकडून आहे की वडिलांकडून, आणि त्याची आई ही विनिफ्रेडच्या वडिलांची सख्खी बहीण आहे काय, याचा कृपया खुलासा करावा. माझी मैत्रीण महिनाअखेर भारतात परतत असून विषय तातडीचा आहे.' मी लाजून लाल. इंग्लंडातल्या सरदारांच्या कारभारात माझा उल्लेख!

उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. पाचव्या दिवशी आलं. लेखिकेने लिहिलं होतं, किती सुरेख प्रश्न विचारलात, मी तर कधी हे ठरवलंच नव्हतं. तुम्हाला काय आवडेल?

आत्यांचा पहिला अर्धा तास संतापात गेला. "ठरवलंच नाही! कोण कुणाची कोण हे न बघता वऱ्हाड काढलं!" मग त्या थांबल्या. उत्तर पुन्हा वाचलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की काय सांगू.

"अधिकार आपल्याला दिला तिनं, मंगल. लेखी."

म्हातारीला आम्ही त्याच क्षणी वेणूची आत्या ठरवलं. यदुनाथ आतेभाऊ झाला. आत्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली, उत्तराची छापील प्रत काढून फ्रीजवर चिकटवली, आणि खाली हाताने लिहिलं: 'सोयरीक तपासली. हरकत नाही.' मला अशी माणसं फार आवडतात. जग चालवणारे जिथे विसरतात, तिथे ही गुपचूप ओळ भरून ठेवतात.

पण या गोंधळात दिवस गेले. माझं विमान शनिवारचं. पुस्तक शुक्रवारी परत द्यायचं, मुदत वाढवून मिळेना. मागे अजून रांग होतीच. मंगळवारी तीन प्रकरणं उरली होती आणि दोन दिवसांत होतील असा आमचा हिशेब होता. मला रात्रंदिवस एकच घोर. बॅगांचं वजन जास्त भरेल याचा नाही, विमानतळावर कुणी काही विचारेल याचाही नाही. वेणूचं जमतंय की नाही याचा.

मंगळवारी सफरचंदांच्या झाडाखाली यदुनाथने वेणूला विचारलं. साधं विचारलं. मी म्हातारा होत चाललोय, ऐकू कमी येतं, पण तू बोललीस की येतं. माझ्याशी लग्न करशील का?

आत्यांनी पान उलटलं. वाचलं. मग सपाट आवाजात मला सांगितलं, "म्हणाली, मला दादाला विचारावं लागेल."

मी वाटीकडे बघितलं. आत्यांनी हरभरा टाकला नाही. पुस्तक मिटलं. "आज एवढंच."

बुधवारी मी अकराला गेले तर दार किलकिलं करून म्हणाल्या, डोकं दुखतंय. मी परत वर आले. दुसऱ्याला त्रास देणं मला जमत नाही. दिवसभर बॅग भरली आणि परत उपसली.

गुरुवारी सकाळी मी स्वतःला ढकलत खाली नेलं. आत्या रेनकोट चढवून दारातच उभ्या. पुस्तक पिशवीत.

"परत करायला निघाले," त्या म्हणाल्या.

"आत्या, आणि शेवट?"

"शेवट काय असणार, मंगल? भाऊ चांगला आहे तिचा. नाही म्हणणारच नाही. म्हणेल, तुझी मर्जी. फक्त पोरांच्या परीक्षा होऊ दे."

मी दारातून हलले नाही. "इंग्लंडातल्या सरदाराच्या पोरांना कसल्या आल्यात परीक्षा?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मग रेनकोटसकट खुर्चीवर बसल्या. कोटाची बटणं काढायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"आमच्या कचेरीत एक जण होता," त्या म्हणाल्या. "वॉल्टर. नकाशे काढायचा. रोज माझ्या टेबलावर एक संत्रं ठेवून जायचा. नागपूरची म्हटल्यावर कुणीतरी सांगितलं असेल त्याला. एकदा विचारलं त्यानं, सरळ. मी म्हटलं, भावाला विचारते."

"मग?"

"दादा चांगलाच गं माझा. आजही दर रविवारी फोन करतो. हसला, म्हणाला, तुझी मर्जी. फक्त पोरांच्या परीक्षा होऊ दे. झाल्या परीक्षा. मग दुसऱ्या वर्षीच्या आल्या. वॉल्टरची बदली झाली. कुणी कुणाला नाही म्हटलं नाही, मंगल. मी विचारलं, तिथेच चुकलं. विचारलं की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं ना बाप्पा."

मी पिशवीतून पुस्तक काढलं, बसचं तिकीट होतं ते पान उघडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"वाचा," मी म्हटलं. "वेणूचं कळल्याशिवाय मी विमानात बसायची नाही. महेशला सांगेन काय ते."

आत्यांनी चष्मा लावला. पण त्या दिवशी त्या मराठीत सांगेनात. नुसतंच इंग्रजी वाचू लागल्या, एका सुरात. मीही टोकलं नाही. पाच महिने ऐकून ऐकून मला मधले मधले शब्द सापडत होते. जिना होता. लांब बोळ होता. बंद दार होतं. वेणू त्या दाराशी उभी होती, बराच वेळ. मग दार उघडलं. अंबादासराव कागदांतून मान वर करून तिला काहीतरी म्हणाले. आणि आत्यांनी वेणूचं वाक्य वाचलं:

"आय हॅव नॉट कम टु आस्क यू, ब्रदर. आय हॅव कम टु टेल यू."

आणि त्या थांबल्या. बोट त्या ओळीवर तसंच.

आस्क आणि टेल हे मला येत होते. सहावीत बाईंनी फळ्यावर लिहून पाठ करून घेतलेल्या शब्दांतले ते दोन. मी मनात वाक्य एकदा लावून पाहिलं. चुकलं तर काय, असंही वाटलं. पण सांगणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं.

"म्हणजे ती म्हणाली," मी म्हटलं, "दादा, मी विचारायला नाही आले. सांगायला आलेय."

आत्यांनी मान वर केली.

"असंच आहे ना आत्या? का चुकलं?"

"असंच आहे," त्या म्हणाल्या. मग, "पुन्हा म्हण."

मी म्हटलं.

"जरा मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हटलं. तिसऱ्यांदा त्याही माझ्याबरोबर म्हणाल्या. रेनकोटात, ताठ बसून, समोरच्या भिंतीला.